जेसोर-खुलन्याचे ऋण आणि विकासाचा हिशेब

१९४६ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट आपल्या चळवळीतल्या लहान मुलालाही ठाऊक असते. संविधान सभेवर निवडून जायला बाबासाहेबांना मुंबई प्रांतात एकही दार उघडे ठेवण्यात आले नव्हते. तेव्हा पूर्व बंगालच्या बारिसाल जिल्ह्यातले नमोशूद्र नेते जोगेंद्रनाथ मंडल पुढे झाले. बंगालच्या विधिमंडळातल्या अनुसूचित जातींच्या मूठभर आमदारांनी आपली मते बाबासाहेबांच्या पारड्यात टाकली आणि बाबासाहेब संविधान सभेत पोहोचले. जेसोर-खुलना हे नाव तेव्हापासून आपल्या भाषणांत, गाण्यांत, जयंतीच्या व्याख्यानांत येत राहिले आहे. पुढे फाळणी झाली, तो मुलूख पाकिस्तानात गेला, बाबासाहेबांचे सदस्यत्व संपले आणि १९४७ साली मुंबई प्रांतातून ते पुन्हा निवडून आले. एवढे सांगून आपण थांबतो.

पण ज्या मातीने आपल्याला संविधानाचा शिल्पकार सभागृहात पाठवून दिला, त्या मातीतल्या माणसांचे पुढे काय झाले, हे आपण कधी विचारतो काय? आज तो मुलूख बांगलादेशात आहे. आपल्याकडे या देशाचे नाव निघते ते क्रिकेटच्या सामन्यात किंवा घुसखोरीच्या आरोपात. गरिबी, गर्दी, पूर आणि भूक म्हणजे बांगलादेश, असा समज आपल्या सुशिक्षितांनीही करून घेतला आहे. आम्ही हा समज थोडा वेळ बाजूला ठेवून तिथले आकडे आणि आपले आकडे शेजारी शेजारी मांडून पाहिले. काही ठिकाणी आमचीच मान खाली गेली, तर काही ठिकाणी बाबासाहेबांनी १९४९ साली दिलेला इशारा आठवून अंगावर काटा आला. या दोन्ही गोष्टी वाचकांपुढे ठेवाव्यात, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी माणूस, मग पैसा

१९७१ साली बांगलादेश जन्माला आला तो राखेतून. त्याच्या आदल्याच वर्षी, नोव्हेंबर १९७० मध्ये, आलेल्या चक्रीवादळात किमान ३ लाख माणसे समुद्राने गिळली होती. मग युद्ध झाले, लाखो माणसे मारली गेली, सुमारे १ कोटी निर्वासित भारतात आले. देश स्वतंत्र होऊन तीन वर्षे होत नाहीत तोच १९७४ चा दुष्काळ आला. अमेरिकेच्या सरकारी बैठकीत या देशाची गणना जगाच्या दारात कायमची झोळी पसरून बसणाऱ्यांत झाली होती. १९७६ साली दोन परदेशी अर्थशास्त्रज्ञांनी पुस्तक लिहून बांगलादेशाला विकासाची कसोटी ठरवले. इथे विकास होऊ शकला तर जगात कुठेही होऊ शकेल, असा त्यांच्या म्हणण्याचा भावार्थ होता.

आता पुढचे पाहा. ज्यां द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी २०१३ साली भारत आणि बांगलादेश यांची तुलना मांडली. १९९० साली भारताचे दरडोई उत्पन्न बांगलादेशापेक्षा सुमारे ६० टक्के जास्त होते. २०११ पर्यंत ते जवळपास दुप्पट झाले. म्हणजे पैशाच्या शर्यतीत भारत पुढे पळत होता. पण त्याच २०११ साली भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान ६५ वर्षे होते आणि बांगलादेशी माणसाचे ६९. ज्याच्या खिशात निम्मे पैसे होते, तो चार वर्षे अधिक जगत होता.

कुणी म्हणेल, हे जुने झाले. तर अलीकडचे पाहू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात हजार मुले जन्मली तर ४२ मुले पाच वर्षांची होण्याआधी दगावत होती. बांगलादेशाच्या २०२२ च्या पाहणीत हाच आकडा ३१ आहे. उंची खुंटलेल्या मुलांचे प्रमाण तिथे २४ टक्के, भारतात ३५ टक्क्यांच्या पुढे आणि प्रगत म्हणवणाऱ्या आपल्या महाराष्ट्रातही ३५ टक्केच! भारताच्या या सरासरीच्या आत शिरले तर अनुसूचित जातींच्या मुलांत हे प्रमाण सुमारे ३९ आणि अनुसूचित जमातींच्या मुलांत सुमारे ४१ टक्के निघते. वाचकहो, उंची खुंटणे म्हणजे केवळ बुटकेपणा नव्हे. पोटात असल्यापासून उपासमार आणि आजारपण सोसलेल्या शरीराची ती नोंद असते, आणि त्या वयात जे हुकते ते पुढे शाळेत भरून निघत नाही.

वादळांचेही तसेच. १९७२ साली त्या सरकारने रेड क्रॉसच्या साथीने किनाऱ्यावरच्या गावांतून स्वयंसेवक उभे केले. भोंगा घेऊन, झेंडा लावून, दारोदार जाऊन ते वादळाची सूचना देतात. उंच खांबांवर निवारे बांधण्यात आले. १९९१ च्या वादळात अजूनही १ लाख ३८ हजार माणसे मेली. २००७ च्या ‘सिद्र’ वादळात हा आकडा सुमारे साडेतीन हजारांवर आला आणि २०२० च्या ‘अम्फान’मध्ये काही डझनांवर. समुद्र तोच, किनारा तोच आणि देशही तसा गरीबच. बदलली ती किनाऱ्यावरच्या कोळ्याच्या आणि शेतमजुराच्या जिवाची सरकारदरबारी असलेली किंमत.

चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

हे घडले कसे? मोठी धरणे, मोठे उद्योग, परदेशी भांडवल यांतून हे घडले असते, तर भारतात ते आधी घडायला हवे होते. बांगलादेशात त्याची सुरुवात झाली चिमूटभर मिठापासून.

हगवणीने पोर मरते ते अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. शिरेतून सलाईन द्यायची तर दवाखाना हवा, डॉक्टर हवा, पैसा हवा. ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत १९६८ साली सिद्ध झाले की साखर आणि मीठ ठरावीक प्रमाणात घातलेले पाणी तोंडाने पाजले तरी रोगी वाचतो. आपण त्याला जलसंजीवनी म्हणतो. १९७१ च्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बोनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली, सलाईन संपली, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी पिंपात हे पाणी कालवून नातेवाइकांच्याच हातून रोग्यांना पाजायला लावले. शंभरातले तीस दगावत होते, ते चारच्या खाली आले.

पण शोध लागणे वेगळे आणि तो झोपडीपर्यंत पोहोचणे वेगळे. १९८० ते १९९० या दहा वर्षांत ‘ब्रॅक’ या तिथल्या संस्थेच्या कार्यकर्त्या १ कोटी २० लाखांहून अधिक घरांत गेल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी, एवढेच शिकवायचे होते. आईने स्वतःच्या हाताने ते करून दाखवायचे. काही दिवसांनी दुसरा माणूस येऊन काही घरे निवडायचा आणि आईला काय आठवते ते विचारायचा. कार्यकर्तीचा मेहनताना ठरायचा तो त्या आईच्या उत्तरांवर! किती घरे फिरलो याच्या नोंदवहीवर नव्हे. आपल्याकडच्या योजनांचे कागद ज्यांनी रंगवताना पाहिले आहेत, त्यांना यातला फरक सांगायची गरज नाही.

त्याच सुमारास सरकारी कुटुंब नियोजन कार्यकर्त्या दारोदार फिरत होत्या. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथली बाई सरासरी सहाहून अधिक मुलांना जन्म देत होती, आता हे प्रमाण दोनच्या आसपास आहे. १९९४ पासून ग्रामीण भागातल्या माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींना देशभर विद्यावेतन सुरू झाले. अटी तीन होत्या. ७५ टक्के हजेरी, परीक्षेत ठरावीक गुण, आणि शालांत परीक्षेपर्यंत लग्न न करणे. बघता बघता माध्यमिक शाळांत मुलींची संख्या मुलांच्या बरोबरीला आली आणि पुढे गेली. पोथीपुराणांनी जिला चुलीशी बांधले, त्या बाईला आधी मोजा, तिच्या हातात अक्षर आणि औषध द्या, देश आपोआप उठतो, हे इथे दिसून आले. क्रांतिबा जोतीराव आणि सावित्रीमाईंनी पुण्यात १८४८ साली हाच धडा घालून दिला होता.

त्या मुलखालाही शिक्षणाची जुनी परंपरा आहे, हेही आपल्या वाचकांना सांगितले पाहिजे. फरिदपूर-बारिसाल भागातल्या नमोशूद्रांना तेव्हा ‘चांडाळ’ म्हटले जाई. १८७२-७३ साली त्यांनी उच्चवर्णीयांची कामे करण्याचे नाकारून संप पुकारला. ओराकांदीचे गुरुचांद ठाकूर यांनी १८८० साली आपल्या गावात शाळा काढली आणि जन्मभर शिक्षणाचा ध्यास धरला. १९११ च्या जनगणनेत ‘चांडाळ’ हे नाव पुसून ‘नमोशूद्र’ ही नोंद झाली ती या चळवळीमुळे. जोगेंद्रनाथ मंडल त्याच मातीतून उगवले होते.

संडासाच्या खड्ड्यातली जात

आता असा एक फरक पाहू, ज्याकडे आपले विकासपंडित बघतच नाहीत. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातल्या निम्म्या घरांतली माणसे उघड्यावर शौचाला जात होती. त्याच सुमारास बांगलादेशात हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत होते. भारत श्रीमंत असून असे का? त्या देशात संडास म्हणजे सिमेंटच्या कड्या आणि वर एक फरशी. खड्डा भरला की मैला काढायचा किंवा दुसरा खणायचा. २००० सालाच्या सुमारास राजशाही विभागातल्या मोसमोईल गावाने अनुदानाची वाट न पाहता आपले गाव स्वतःच हागणदारीमुक्त केले आणि त्या पद्धतीचा पुढे जगभर बोलबाला झाला.

भारतात असा साधा खड्डा का चालत नाही? डायान कॉफी आणि डीन स्पिअर्स या संशोधकांनी उत्तर भारतातल्या खेड्यांत याचा शोध घेऊन २०१७ साली पुस्तक लिहिले. त्यांचा निष्कर्ष आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातलाच आहे. लहान खड्डा पाच-सहा वर्षांत भरणार. तो उपसणार कोण? घरचा माणूस त्याला हात लावणार नाही, कारण ते ‘त्यांचे’ काम. ज्यांचे ते काम ठरवले गेले, ते आता स्वाभिमानाने नकार देऊ लागले आहेत. मग खोलीएवढी टाकी बांधायला पैसे जमेपर्यंत शेतातच जाणे बरे, असा हिशेब होतो. घरात संडास बांधला तर घर विटाळते, ही समजूत वर आहेच. पुढे लाखो संडास बांधले गेले आणि २ ऑक्टोबर २०१९ रोजी ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली. तरीही २०१९-२१ च्या पाहणीत सुमारे १९ टक्के घरे संडास वापरत नव्हती.

म्हणजे पोरांना हगवण होते ती जातीमुळे, उंची खुंटते ती जातीमुळे! जातीची शिक्षा अस्पृश्याला होते हे सर्वांना दिसते, पण विटाळ मानणाऱ्या घरातले पोरही त्याच घाणीतल्या जंतूने आजारी पडते, हे कुणी सांगत नाही. जातिव्यवस्था ही कामाची वाटणी नसून काम करणाऱ्यांची वाटणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडले होते. त्या वाटणीने अख्ख्या देशाचे आरोग्य कसे पोखरले आहे, हे संडासाच्या खड्ड्यात डोकावले तरी कळते.

आठ तासांचा कायदा आणि राना प्लाझा

इथवर वाचून कुणाला वाटेल की आम्ही बांगलादेशाची आरती ओवाळायला बसलो आहोत. तसे नाही. ज्या देशाने माय-लेकरांचा जीव मोजला, त्याच देशाने कामगाराचा जीव किती स्वस्त केला, हेही सांगितलेच पाहिजे.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथे तयार कपड्यांचा धंदा सुरू झाला. कोरियन कंपनीच्या मदतीने सव्वाशेच्या वर माणसे शिकून आली आणि पुढे हजारो कारखाने उभे राहिले. आज देशाच्या निर्यातीतले ऐंशी टक्क्यांहून अधिक उत्पन्न यातून येते. सुमारे ४० लाख कामगार, त्यांत बायाच जास्त. खेड्यातून आलेली, विद्यावेतनावर चार इयत्ता शिकलेली मुलगी शिलाई यंत्रावर बसली, तिच्या हातात स्वतःची कमाई आली. या बदलाला आम्ही कमी लेखत नाही. २०२० साली आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने वर्तवले की त्या वर्षी बांगलादेशाचे दरडोई उत्पन्न भारताच्या किंचित पुढे जाईल, तेव्हा दिल्लीत केवढी खळबळ उडाली होती!

पण या पोशाखाच्या शिवणीत रक्त आहे. २४ नोव्हेंबर २०१२ रोजी ढाक्याजवळ ताजरीन कारखान्याला आग लागली, किमान ११२ कामगार मेले. पाच महिन्यांनी, २४ एप्रिल २०१३ रोजी, सावर इथली राना प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि १,१३४ माणसे गाडली गेली. इमारतीला भेगा पडल्याचे आदल्या दिवशीच दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक बंद झाली, दुकाने बंद झाली. बँकेच्या कारकुनाला घरी पाठवण्यात आले. वरच्या पाच कारखान्यांतल्या कामगारांना मात्र पगार कापण्याची धमकी देऊन सकाळी आत घेण्यात आले. या पाचांपैकी एकाही कारखान्यात युनियन नव्हती. आत जाणार नाही, असे एकत्र उभे राहून म्हणणारे कुणी नव्हते, म्हणून एवढी माणसे मेली, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इथे आपल्याला बाबासाहेबांची दुसरी बाजू आठवते, जी जयंतीच्या मिरवणुकीत फारशी दिसत नाही. कामगारांचा संपाचा हक्क हिरावणाऱ्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत जो संप झाला, त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आघाडीवर होता. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी युनियनला मालकाने मान्यता दिलीच पाहिजे यासाठी विधेयक आणले आणि १९४६ साली कारखान्यातला आठवडा ४८ तासांवर आणला. हा कायदा अखंड हिंदुस्थानचा होता. म्हणजे ढाक्याच्या कामगारालाही त्याचा वारसा मिळाला. आणि योग असा की, फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले कायदा व मजूरमंत्री झाले ते जोगेंद्रनाथ मंडलच! कायद्याचा वारसा मिळाला, मंत्रीही लाभला होता, पण कामगाराची संघटना मोडून काढली की कायदा कपाटात राहतो.

राना प्लाझानंतर जगभर बोंब झाली तेव्हा कपडे विकत घेणाऱ्या परदेशी कंपन्यांना कामगार संघटनांशी बंधनकारक करार करावा लागला. दीड हजारांहून अधिक कारखान्यांची तपासणी झाली, जिने, दारे, तारा दुरुस्त झाल्या. हे चांगलेच झाले. पण मजुरीचे काय? २०२३ साली कामगारांनी महिन्याला किमान २३,००० टका मागितले. मिळाले १२,५०० टका, आणि आंदोलनात गोळ्याही मिळाल्या.

आरक्षण फक्त झाडूचे

ढाक्याचे रस्ते झाडते कोण, गटारे उपसते कोण? इंग्रजांनी कानपूरकडून आणि तेलुगू मुलखातून सफाईसाठी आणलेल्या माणसांचे नातू-पणतू. नगरपालिकेच्या जागेवर त्यांच्या वस्त्या आहेत, एकेका खोलीत दोन-तीन पिढ्या राहतात, नोकरी गेली की छप्परही जाते. कागदोपत्री त्यांना आजही ‘हरिजन’ म्हटले जाते, हा शब्द आपल्या चळवळीने केव्हाच फेकून दिला. हॉटेलात त्यांना शेजारी बसू दिले जात नाही. जो देश पाकिस्तानच्या जुलमाविरुद्ध लढून जन्मला, ज्याचा बहुसंख्य धर्म समतेचा दावा सांगतो, तिथेही झाडू धरणाऱ्या हाताचा विटाळ सुटला नाही. जून २०२४ मध्ये ढाक्यातल्या मिरनजिल्ला वस्तीवर बाजारासाठी जागा हवी म्हणून बुलडोझर गेला. उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, पण तोवर अनेकांची घरे पडली होती. भेदभावविरोधी विधेयक एप्रिल २०२२ मध्ये त्यांच्या संसदेत मांडले गेले, ते तिथेच पडून राहिले.

आणि आरक्षण? २०२४ च्या आंदोलनानंतर आपल्याकडचे आरक्षणविरोधक मोठ्या उत्साहाने सांगू लागले की, बघा, आरक्षणाने देश पेटला! या प्रचाराला उत्तर देणे आपले काम आहे. तिथल्या सरकारी नोकऱ्यांत ५६ टक्के जागा राखीव होत्या. त्यांतल्या ३० टक्के १९७१ च्या स्वातंत्र्यसैनिकांच्या मुला-नातवंडांना, १० टक्के स्त्रियांना, १० टक्के मागास जिल्ह्यांना, ५ टक्के आदिवासी समाजांना आणि १ टक्का अपंगांना. यांत दलितांना वेगळा वाटा नव्हताच. त्यांच्यासाठी ८० टक्क्यांचा नियम होता तो सफाईच्या जागांत. म्हणजे आरक्षण फक्त झाडूचे! विद्यार्थ्यांचा राग होता तो नातवंडांच्या ३० टक्क्यांवर. आजोबांच्या प्रमाणपत्रावर नातवाला नोकरी, आणि ते प्रमाणपत्र सत्ताधाऱ्यांच्या मर्जीतल्यांनाच मिळते असा आरोप. बाबासाहेबांनी मांडलेल्या प्रतिनिधित्वाच्या तत्त्वाशी याचा संबंध काय? आपले आरक्षण शतकानुशतके दाराबाहेर ठेवलेल्यांना आत घेण्यासाठी आहे. तिथले ३० टक्के आत बसलेल्यांच्या वारसांसाठी होते.

शेवटी २१ जुलै २०२४ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ९३ टक्के जागा खुल्या केल्या, स्वातंत्र्यसैनिकांच्या मुलांना ५, आदिवासींना १ आणि अपंग व तृतीयपंथी यांना मिळून १ टक्का ठेवला. स्त्रियांचे १० टक्के या झटक्यात गेले, त्याबद्दल फारसे कुणी बोलले नाही. वारसांचे लाड करताना आरक्षण बदनाम होते आणि बदनाम झालेले आरक्षण कापताना पहिली कुऱ्हाड दुर्बळांवर पडते, हे आपणही डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे.

त्या दिवसांत जे घडले ते केवळ नोकऱ्यांपुरते नव्हते. २०१४ च्या निवडणुकीत निम्म्याहून अधिक जागा बिनविरोध ठरल्या होत्या, पुढच्या दोन निवडणुकांवरही लोकांचा विश्वास उरला नव्हता. विकासाचा दर चढत होता आणि मताची किंमत उतरत होती. साचलेला राग फुटला, सरकारने गोळ्या चालवल्या. जुलै-ऑगस्टमध्ये १,४०० पर्यंत माणसे मारली गेली असावीत, असा संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचा अंदाज आहे. ५ ऑगस्ट २०२४ रोजी शेख हसीना यांना देश सोडावा लागला. आणि सत्ता कोसळल्यावर जमावाने अल्पसंख्याक हिंदूंची घरे आणि देवळेही फोडली. पूर्व बंगालमध्ये दलितांवर आणि अल्पसंख्याकांवर होणाऱ्या अत्याचारांविरुद्ध राजीनामा देऊन जोगेंद्रनाथ मंडल यांनी १९५० साली पाकिस्तान सोडला होता. चौऱ्याहत्तर वर्षांनीही भीतीची वाट तीच होती.

आपला हिशेब

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितले होते की, राजकारणात एक माणूस एक मूल्य मानायचे आणि सामाजिक-आर्थिक जीवनात ते नाकारायचे, ही विसंगती फार काळ टिकणार नाही. ज्यांना विषमतेची झळ बसते ते लोकशाहीचा डोलाराच उडवून लावतील. शेजारच्या देशात आपण काय पाहिले? ज्या कामात त्यांनी प्रत्येक माणसाला एक मूल्य दिले, मग ती हगवण असो, वादळ असो की मुलीची शाळा असो, तिथे गरिबी आडवी आली नाही. ज्या कामात काही माणसांना कमी मोजले, मग तो कारखाना असो, सफाईची वस्ती असो की मतपेटी, तिथे श्रीमंतीचा दर कामी आला नाही. मुलींच्या बाबतीतही हिशेब अपुराच आहे. आजही तिथल्या जवळपास निम्म्या मुलींची लग्ने अठरा वर्षांच्या आत होतात.

म्हणून विकास झाला की जात आपोआप जाईल, असे जे आपल्याला सांगितले जाते, त्यावर आमचा विश्वास नाही. आणि आधी जात जाऊ द्या, मग आरोग्य-शिक्षणाचे बघू, असेही चळवळीने म्हणून चालणार नाही. दोन्ही लढाया एकाच माणसाच्या अंगावर लढल्या जात आहेत. गटारात उतरून मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला ३० लाख रुपये द्या, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी सांगितले. पण मरणाची भरपाई वाढवणे हा विकास म्हणता येईल काय? त्याला गटारात उतरावेच लागू नये, हा विकास.

आमचे चळवळीतल्या कार्यकर्त्यांना एवढेच सांगणे आहे की, ‘ब्रॅक’च्या त्या कार्यकर्त्यांनी आईला विचारलेला प्रश्न आपणही विचारायला शिकले पाहिजे. योजनेचा आकडा विचारू नका, माणसाला विचारा. वस्तीतल्या अंगणवाडीत पोरांचे वजन खरेच घेतले जाते की नुसते लिहिले जाते? शिष्यवृत्ती वर्ष सुरू असताना मिळाली की वर्ष संपल्यावर? आपल्या वॉर्डातला सफाई कामगार कायम आहे की ठेकेदाराचा, आणि त्याच्या पगारातून किती कापले जाते? विहार आणि समाजमंदिर जयंतीपुरते न उघडता तिथे दर महिन्याला हा हिशेब मांडला, तर ग्रामसभेत आणि महापालिकेत तोंड उघडायला आपल्या हातात काहीतरी असेल.

जेसोर-खुलन्याच्या माणसांनी एकेकाळी आपल्यासाठी मत दिले. त्यांच्या नातवंडांनी आता आपल्याला दोन गोष्टी दाखवून दिल्या आहेत. गरीब देशही आपले लेकरू वाचवू शकतो, आणि पैसा येऊ लागलेला देशही माणसाला भिंतीखाली गाडू शकतो. पहिली गोष्ट शिकायची आणि दुसरी टाळायची, एवढे केले तरी त्या जुन्या ऋणातला थोडा तरी भाग फिटेल.